अर्थ न बदलणारं अक्षर

फोन आला तेव्हा ती गाडीत होती, शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, जिथे बसून तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि तिचा पाय सवयीने त्याच्यावर अधांतरी असायचा, टेकलेलाही नाही आणि उचललेलाही नाही. घरी जेवायला बसली तरी कधीकधी तो तसाच टेबलाखाली तरंगत राहायचा. आजची शिकणारी म्हणजे औषधांच्या दुकानात काम करणारी पन्नाशीची बाई. स्टिअरिंग असं आवळून धरायची, की जणू कुणीतरी ते हिसकावून पळणार आहे. धडा चालू असताना फोन घ्यायचा नाही हा तिचा नियम होता, पण सकाळपासून तोच अनोळखी नंबर पुन्हा पुन्हा येत होता आणि समोर सिग्नल लाल होता, म्हणून तिने घेतला. पलीकडून एका तरुण मुलीच्या अदबशीर आवाजाने ताईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, लग्नानंतरच्या आडनावासकट. त्यांच्याशी बोलता येईल का, असं विचारलं.

"ती नाहीये," ती म्हणाली.

"बरं. मग केव्हा फोन करू?"

ताईला जाऊन पाच वर्षं होत आली होती आणि एवढ्या काळात कुणी तिच्याबद्दल असं विचारलं नव्हतं, जणू ती जरा खाली दुकानात गेली आहे आणि पिशवी घेऊन एवढ्यात वर येईल. क्षणभर तिला त्या आवाजाचा हेवा वाटला. त्या पोरीच्या जगात ताई अजून नुसतीच बाहेर गेलेली होती. सिग्नल हिरवा झाला, बाईने क्लच सोडला, गाडी हलली, आणि तिने काही कारण नसताना करकचून ब्रेक दाबला. दोघी पुढे फेकल्या गेल्या, पट्टे छातीत रुतले, मागून हॉर्न सुरू झाले. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. माझं काही चुकलं का, असं ती विचारत राहिली. तुमचं काही चुकलं नाही, असं तिला सांगून तिने गाडी कडेला घ्यायला लावली आणि मग फोनमध्ये सांगितलं, की ताई वारली, मी तिची धाकटी बहीण. मग त्या आवाजाने माफी मागितली आणि म्हटलं, की असं असेल तर तुम्हीच हॉस्पिटलमध्ये या. त्यांच्या रक्ताची जी तपासणी झाली होती तिच्याबद्दल डॉक्टरांना बोलायचंय.

ते हॉस्पिटल तिने इतकी वर्षं चुकवलं होतं. शिकणाऱ्यांना न्यायचे जे तिचे ठरलेले रस्ते होते त्यांतून तो चौकच तिने वगळून टाकला होता. लोकांना वाटायचं तिथे गर्दी असते म्हणून. आत काहीच बदललेलं नव्हतं. लोखंडी दांड्याला जोडलेल्या त्याच खुर्च्या, एक जण उठला की बाकीचे सगळे हलणार. जमीन पुसायच्या औषधाचा तोच गोडसर वास, जो नाकात गेला की तिच्या जिभेवर आपोआप कॉफी मशीनमधली पातळ कॉफी यायची. ह्याच रांगेत ताई बसायची, स्कार्फ बांधून, मांडीवर शब्दकोडं घेऊन, आणि कोडं अडलं की अनोळखी माणसांनाही विचारायची. डॉक्टरीणबाई मात्र नवीन होत्या. चष्मा केसांत खोचलेला, आवाज सावकाश; हे सगळं त्यांनी आधी पुष्कळांना सांगितलेलं असणार हे कळत होतं. त्यांनी सांगितलं ते असं. शरीरातली प्रत्येक पेशी एक मजकूर वाचत असते आणि त्याप्रमाणे प्रथिनं बनवते. ताईच्या मजकुरात एका जागी एक अक्षर वेगळं होतं. पण ते अक्षर असं होतं की त्याने शब्दाचा अर्थ बदलत नव्हता, प्रथिन होतं तेच बनणार होतं. अशा बदलाला मूक बदल म्हणतात. असे मूक बदल तुमच्या-माझ्यात ढिगाने असतात आणि बहुतेक सगळे खरंच निरुपद्रवी असतात. म्हणून तेव्हाच्या रिपोर्टात लिहिलं होतं, की आजाराशी संबंध असलेलं काही आढळलं नाही.

पुढचं सांगताना डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पेशी तो मजकूर जसाच्या तसा वाचत नाही, त्या म्हणाल्या. आधी त्याची कापाकापी करते, नको ते तुकडे टाकते, हवे ते जोडते. कुठे कापायचं हे तिला अशाच अक्षरांच्या खुणेवरून कळतं. हे अक्षर बदललं की ती चुकीच्या जागी कापते आणि कामाचा एक अख्खा तुकडा गळून पडतो. दुसऱ्या कुठल्या तरी शहरात तीन-चार घरांत हेच अक्षर आणि हाच आजार सापडला, तेव्हा कुणीतरी खोलात जाऊन पाहिलं. ज्या जनुकात ते आहे त्याचं कामच मुळी पेशीतली मोडतोड दुरुस्त करायचं. ते जनुक लंगडं असेल तर मोडतोड साठत जाते. बायकांत स्तनाचा, बीजकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता खूप वाढते. म्हणजे, ती म्हणाली, ताईला जे झालं ते. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. हे आई किंवा वडील, कुणातरी एकाकडून आलेलं असणार. तुम्हालाही असू शकेल, निम्मी शक्यता. त्या वेळी ज्यांनी रिपोर्ट दिला त्यांची ह्यात चूक नाही, असंही त्या म्हणाल्या. तिला ते पटलं. पटलं, आणि तेच अवघड होतं, कारण चूक कुणाची असती तर निदान रागाला बसायला एक खुर्ची मिळाली असती.

तो जुना रिपोर्ट आला तो दिवस तिला लख्ख आठवत होता. ताई जिना चढून आली, दारातच उभी राहिली, दम लागलेला, आणि हात पसरून म्हणाली, घ्या, माझं सगळं एकदम नॉर्मल आहे, फक्त कॅन्सर तेवढा झालाय. सगळे हसले. बाबा सगळ्यात मोठ्याने हसले. ताईची मुलगी तेव्हा शाळेत होती. घरात तिला बुटकी म्हणायचे, कारण ती बापावर जाऊन सगळ्यांपेक्षा उंच झाली होती. तीही हसली आणि मग एकदम बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसली. आई हसली नाही. आई शाळेत विज्ञान शिकवायची, निवृत्त झाली होती, आणि तिने तो रिपोर्ट घेऊन खिडकीपाशी जाऊन दोनदा वाचला. मग म्हणाली, म्हणजे हे घरातलं नाही. आणि तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. कारण आईची बहीण, मावशी, फार वर्षांपूर्वी छातीच्या गाठीने गेली होती, आणि ताईचं निदान झालं त्या दिवसापासून आई त्या बहिणीचं नाव टाळत होती.

पण ते ओझं फार दिवस उतरलेलं राहिलं नाही. ताई गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी असेल, सगळे जेवायला बसले होते. बुटकीचा बाप दुसऱ्या गावी नोकरीला गेला होता आणि पोरगी इथेच राहिली होती. बाबांना काही ना काही बोलल्याशिवाय घास उतरत नसे. बाबा म्हणजे तरणतलावावरचे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी पोहायला शिकवलं होतं. सत्तरी ओलांडली तरी सकाळी उठून पाण्यात उतरायचे आणि त्यांच्या अंगाला कायम क्लोरीनचा वास यायचा. आमच्याकडे कुणाला साधा ताप येत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या दिवशी ते आईला म्हणाले, रागाने नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, की रिपोर्ट काहीही म्हणो, हे शेवटी तुझ्या माहेरचंच. तुझी बहीण अशीच गेली. आईने हातातला चमचा खाली ठेवला. मग उठून फडकं आणलं आणि आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागली, ताटांच्या मधून मधून, सावकाश. कुणी काही बोललं नाही. तीही बोलली नाही. बाबांनी आणखी थोडं सूप वाढून घेतलं.

त्यानंतर आईने स्वतःचा कप वेगळा ठेवायला सुरुवात केली. निळ्या काठाचा कप, तो ती स्वतः धुवायची आणि खिडकीच्या कठड्यावर पालथा घालायची. बुटकीचे केस विंचरायचे तिने सोडले. पोरगी लाडाने तिच्या ताटातला घास उचलायला गेली तर आई ताट ओढून घ्यायची, आणि मग ओशाळून हसायची. जिने पोरांना आयुष्यभर रोगांचे प्रकार शिकवले त्या बाईला हे काही कपातून पसरत नाही हे ठाऊक नव्हतं असं थोडंच. एकदा तिने आईला विचारलंसुद्धा, की हे काय चालवलंयस. आई म्हणाली, मला सगळं कळतं गं, हाताला कळत नाही. दोन वर्षांनी एका सकाळी आई उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी, असं म्हणाले. झोपेतच गेली, सुटली, असं येणारा-जाणारा म्हणायचा. तिला मात्र त्या कपाचं काय करावं ते कळेना. शेवटी तो तिनेच वापरायला घेतला.

स्वतःच्या रक्ताचा निकाल ऐकताना तिला विशेष काही वाटलं नाही. अक्षर तिच्यात होतं. हॉस्पिटलमधून बाहेर पडून ती सरळ पुढच्या धड्याला गेली आणि औषधांच्या दुकानातल्या बाईकडून उताराच्या रस्त्यावर गाडी मागे घ्यायचा सराव करून घेतला. फक्त संध्याकाळी अंघोळ करताना पोटावरून साबण फिरवायचा हात थांबला. एवढी वर्षं हे शरीर तिच्याशी काही न बोलता स्वतःच्या आत कापाकापी करत होतं. लग्न केलं नाही, मूल झालं नाही, ह्याची ती कधी खंत करायची, कधी करायची नाही. आता पहिल्यांदा तिला वाटलं, की निदान ह्या मजकुराची एकही नक्कल आपण पुढे पाठवली नाही. मग लगेच ताई आठवली आणि बुटकी आठवली आणि तिने नळ जोरात सोडला. बुटकीचं रक्त तपासलं तेव्हा ती स्वतः बरोबर गेली. पोरगी आता नोकरी करत होती, वेगळी राहत होती, केस बारीक कापले होते. निकाल चांगला होता: तिच्यात ते अक्षर नव्हतं. डॉक्टरीणबाई प्रथमच मोकळ्या हसल्या. बुटकी बाहेर येऊन त्या हलणाऱ्या खुर्चीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली, रांगेतली सगळी माणसं तिच्या हुंदक्यांबरोबर हलायला लागली. आनंदाने रडतेयस ना, तिने विचारलं. पोरगी म्हणाली, "मी आईसारखी दिसत नाही, मावशी. माझा आवाज तिच्यासारखा नाही. मला वाटलं होतं, निदान हे तरी असेल."

राहिले बाबा. आई नव्हती, तेव्हा कुठल्या बाजूचं हे बाबांच्या रक्तावरून ठरणार होतं, आणि ठरलं की त्या बाजूच्या नातेवाइकांना सावध करता येणार होतं. आईकडचं आता कुणी उरलंच नव्हतं. बाबांकडे मात्र काका होता, धाकटा भाऊ, लांबच्या शहरात, आणि त्याच्या तीन मुली. बाबा रक्त द्यायला हसतखेळत आले. बाही वर केली, दंड फुगवून दाखवला, नर्सला म्हणाले की एवढी जाड शीर तुम्ही दिवसभरात पाहिली नसेल. येताना गाडीत त्यांनी तिला समजावलं, की हे एकदा झालं ते बरंच झालं, म्हणजे तिच्या मनात किंतू राहणार नाही. ती गाडी चालवत होती आणि त्यांच्या अंगाचा क्लोरीनचा वास तिला सोसवत नव्हता. निकाल येईपर्यंतच्या त्या दिवसांत तिला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली आणि ती कळल्यावर ती घाबरली. अक्षर बाबांचंच निघावं अशी तिची इच्छा होती. त्याने कुणाचं काय भलं होणार होतं? काकाच्या मुली अडकणार होत्या. तरीही अंथरुणावर पडल्या पडल्या ती मनातल्या मनात एकच वाक्य घासूनपुसून ठेवत होती, बाबांना म्हणायचं.

निकाल तिने रविवारी दुपारी सांगितला. बाबा स्वयंपाकघरात संत्रं सोलत होते. साल एकसंध काढायची त्यांची खोड होती, ती लांब पट्टी सुरीखालून उलगडत येत होती. तिने सांगितलं, की ते तुमच्याकडून आलंय. त्यांनी साल पूर्ण काढली, मग सुरी पुसली. पुन्हा तपासायला सांग, ते म्हणाले, नमुने बदलतात, पेपरात येतं. तिने सांगितलं, की दोनदा तपासलंय. मग ते म्हणाले, मला काही झालेलं नाही, माझ्या भावाला झालेलं नाही, असं कसं होईल. तिने डॉक्टरीणबाईंसारख्याच सावकाश आवाजात समजावलं, की पुरुषांत ते पुष्कळदा नुसतं वाहत राहतं, त्यांना फारसं काही करत नाही. तुम्हा दोघांना बहीण नव्हती म्हणून दिसलं नाही. संत्र्याच्या फोडी त्यांनी बशीत गोल मांडल्या आणि बशी तिच्यापुढे सरकवली. आणि त्या क्षणी, ती बशी समोर आली तेव्हा, तिने ते वाक्य म्हटलं.

"आई ते स्वतःचं समजून गेली, बाबा."

तिला वाटलं होतं ह्याने काहीतरी फुटेल, निदान तिच्या आत काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. बाबांनी तिच्याकडे बघितलं. ते विसरले असतील, कुठलं जेवण आणि कुठलं टेबल, असं तिने एवढी वर्षं गृहीत धरलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत विसरलेल्या माणसाचा गोंधळ नव्हता. ते उठले, आपल्या खोलीकडे गेले, दारात थांबून पाठमोरेच म्हणाले, "माझ्या भावाच्या घरात हे नेऊ नकोस. पोरी सुखात आहेत."

पुढचे काही आठवडे दोघं एका घरात दोन भाडेकरूंसारखी राहिली. बाबांनी तलावावर जाणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाले. क्लोरीनचा वास हळूहळू घरातून गेला आणि त्या जागी म्हाताऱ्या माणसाचा साधा वास आला. एकदा त्यांच्या उशीचा अभ्रा बदलताना तिच्या ते लक्षात आलं आणि तिला रडू येईल की काय असं वाटलं, पण आलं नाही. डॉक्टरीणबाई फोन करून विचारत, काकांना कळवलंत का. आम्ही परस्पर कळवू शकत नाही, कुटुंबानेच सांगावं लागतं. ती म्हणायची, सांगते. तिन्ही बहिणींचे नंबर तिच्या फोनमध्ये होते. थोरलीचं लग्न नुकतंच झालं होतं, मधलीला लहान मूल होतं, धाकटी तिला वाढदिवसाला न चुकता गाणी पाठवायची. एक बटण दाबायचा अवकाश होता. आणि ती दाबत नव्हती. बाबांनी नको म्हटलंय म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. पण शिकणाऱ्यांच्या शेजारी तासन्‌तास गप्प बसल्यावर माणसाला स्वतःशी खोटं बोलणं अवघड जातं. खरं कारण असं होतं, की हे बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं असं तिला वाटत होतं. आपल्या भावाला, आमच्याकडे कुणाला साधा ताप येत नाही असं सांगणाऱ्या त्या तोंडाने. त्यासाठी ती तीन पोरींना तिष्ठत ठेवत होती, आणि त्या तिघींना ते ठाऊकही नव्हतं. आईने टेबल पुसलं तेव्हा आपण गप्प बसलो, आणि आता पुन्हा गप्पच बसलोय, एवढंच तिला दिसायचं. मग गिअर बदला, ती शिकणाऱ्याला म्हणायची, आवाज ऐकून बदला, बघून नको.

तिचं स्वतःचं ऑपरेशन ठरलं ते खबरदारी म्हणून. बीजकोश आणि नळ्या काढून टाकायच्या, म्हणजे जिथे आग लागण्याची भीती आहे ती खोलीच पाडून टाकायची, असं ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले. तिची तशी काही तक्रार नव्हती. सोनोग्राफी स्वच्छ होती, रक्त स्वच्छ होतं. ऑपरेशनही व्यवस्थित झालं. बुटकीने रजा काढली, वॉर्डमध्ये तिच्यासाठी शब्दकोड्याचं पुस्तक आणलं, आणि मग आपण काय आणलंय हे लक्षात येऊन ते पिशवीत परत टाकलं. दहा दिवसांनी टाके बघायला बोलावलं, तेव्हा डॉक्टरीणबाई खोलीत आधीच येऊन बसल्या होत्या. काढलेल्या एका नळीच्या टोकाला, सूक्ष्मदर्शकाखाली, टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी सापडलं होतं. सुरू झालेलं. आणि ऑपरेशनच्या वेळी पोट आतून धुतलं होतं त्या पाण्यातही काही पेशी. ऑपरेशन केलं नसतं तर हे अजून वर्ष-दीड वर्ष कळलं नसतं, त्या म्हणाल्या, आपण पुष्कळ लवकर पोचलोय. पण औषधं द्यावी लागतील, ताईंना दिली होती तीच. तिने विचारलं, की ते फोन आला त्या दिवशी होतं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक होतंच. ती गाडी, ती बाई, तो लाल सिग्नल तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तो टाचणीएवढा ठिपका पोटात घेऊन शेजारच्या सीटवर बसलेली आपण. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त एक विलक्षण थकवा वाटत होता.

औषधाच्या पहिल्या डोसनंतर ती ताईच्या जुन्या खोलीत निजायला गेली, कारण तिथून बाथरूम जवळ होतं. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव, हातापायांत मुंग्या, आणि प्रत्येक वास आधीपेक्षा मोठा. दुपारी बाबा आत आले. हातात रिकामं प्लास्टिकचं तसराळं होतं, उलटी झाली तर म्हणून, ते त्यांनी पलंगाशेजारी ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. ते खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गालिचा झटकत होतं. मग त्यांनी कुणी न विचारता आपल्या आईबद्दल सांगायला सुरुवात केली. तिला ह्या आजीबद्दल काहीच माहीत नव्हतं. बाळंतपणात गेली, एवढं एक वाक्य घरात होतं आणि त्याच्या पुढे कुणी कधी गेलं नव्हतं. बाबा म्हणाले, की आईचं पोट वाढायला लागलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते, काका तीनचा. घरात सगळे म्हणत, भावंड येणार. हात-पाय काटकुळे होत गेले, गाल बसले, पोट तेवढं वाढत गेलं. सगळे म्हणत, मुलगा असणार, आईला खातोय. मी रोज तिच्या पोटाला कान लावायचो, बाबा म्हणाले. आत काहीतरी हलायचं. मला वाटायचं, तो पोहतोय. मी त्याला एक नाव दिलं होतं, ते नाव मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

ती उशीवरून त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या छातीचा माणूस, पण मान आता सदऱ्याच्या कॉलरमध्ये सैल झाली होती.

"ताईच्या पोटातलं पाणी काढलं ना, तेव्हा मी दारात उभा होतो," ते म्हणाले. "पोट तसंच होतं गं. डिट्टो. मी बघितलं आणि खाली चहा प्यायला गेलो."

तिच्या मनात आईचा हात आला, फडकं धरलेला, ताटांच्या मधून फिरणारा. आणि सूप वाढून घेणारा बाबांचा हात आला, आणि तेव्हा त्यांनी आईकडे एकदा तरी बघितलं होतं का हे तिला खूप प्रयत्न करूनही आठवेना. माफ करावं असं तिला वाटलं नाही. पण राग धरायला आत जी जागा होती तिथे आता एक सहा वर्षांचा मुलगा पोटाला कान लावून बसला होता, आणि त्याला ऊठ म्हणणं तिच्याच्याने होईना. तिने तसराळं ओढलं. बाबांनी एका हाताने तिचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ; नवशिक्या पोरांना ते पाण्यावर असंच धरायचे. ओकून झाल्यावर त्यांनी तिचं तोंड पुसलं, तसराळं धुऊन आणलं, आणि मग तिचा फोन मागितला. माझा चष्मा आत आहे, तुझ्या काकाचा नंबर तूच लाव, असं म्हणाले. तिने लावून दिला. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून आवाज मोठा करून पलंगावर ठेवला.

काका खुशीत होता. दादा, आज कुठे सूर्य उगवला, असं म्हणाला. मागे टीव्ही चालू होता, एक लहान मूल काहीतरी मागत होतं. बाबांनी विचारलं, पोरी कुठे आहेत. मधली इथेच आलीय, काका म्हणाला, थोरलीही यायचीय संध्याकाळी, का रे? बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"आई गेली तेव्हाचं तुला काही आठवतं?"

"मी केवढा होतो, दादा. बाळंतपणात गेली, एवढंच माहीत. आज एकदम हे काय काढलंस?"

"नाही रे. बाळंतपण नव्हतंच ते. आपल्याला भावंड होणार नव्हतं."

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"ऐकतोयस ना?" बाबा फोनवर वाकून म्हणाले. "आता मधलीलाही तिथे बोलाव. मी सांगतो ते दोघं नीट ऐका."